बाटली उलटी करून वाचायची सवय

माझ्या पापण्या जवळजवळ आठ महिने सोलत होत्या. सकाळी उठलं की वरच्या पापणीवर कागदासारखी पातळ खपली, पाणी लावलं की चुरचुर, संध्याकाळपर्यंत लालबुंद, आणि रात्री झोपेत नकळत चोळलं गेलं की दुसऱ्या दिवशी डोळा अर्धाच उघडायचा. मेकअप बंद केला, उशीचे अभ्रे रोज बदलले, डोळ्यांभोवती लावायचं क्रीम बदलून "सेन्सिटिव्ह स्किनसाठी" असं लिहिलेलं आणलं, मग तेही बदललं. फरक शून्य. डोळ्यांजवळ लावत होते ती एकूणएक गोष्ट मी बंद करून बघितली होती पण डोक्याला लावायची गोष्ट कधी मनातच आली नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करायला सांगितली. पाठीवर छोट्या छोट्या वाट्या असलेल्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ, ४८ तास पाठ ओली करायची नाही, मग पट्ट्या काढून बघतात आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात कारण ही ॲलर्जी उशिरा वर येते. माझ्या पाठीवर एकच गोल उठला होता पण चांगला फुगलेला, बारीक फोडांचा, आणि इतका खाजत होता की तो कुठला ते आरसा न बघताही मला बोटाने दाखवता आलं असतं. डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिलं, मिथाइलआयसोथायाझोलिनोन, आणि म्हणाल्या, "घरी जा, सगळ्या बाटल्या उलट्या करा आणि हे नाव शोधा. औषध नंतर देते."

त्या दिवशी बाथरूमच्या फरशीवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा बाटल्यांच्या मागची यादी वाचली. अक्षरं इतकी बारीक, वर ओल्या बाटलीवर चकाकणारी, की मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचावं लागलं. नाव तीन ठिकाणी सापडलं. हँडवॉशमध्ये, शाम्पूमध्ये, आणि तिसरं म्हणजे त्या अंगाला लावायच्या लोशनमध्ये, ज्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात "सौम्य" लिहिलं होतं. शाम्पूचा फेस डोकं धुताना कपाळावरून पापण्यांवर ओघळतो, हँडवॉशने धुतलेल्या हातानेच आपण डोळे चोळतो, आणि पापण्यांची त्वचा अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, त्यामुळे डोक्याला आणि हातांना काही न होता सगळा त्रास पापण्यांना. हे कळल्यावर कोडं सुटल्यासारखं वाटलं आणि रागही आला, कारण उत्तर आठ महिने माझ्या हातात होतं, फक्त ती बाजू मी कधी वाचली नव्हती.

हे नाव पुढे बरंच वाचलं म्हणून थोडं सांगते. हे एक प्रिझर्व्हेटिव्ह आहे, म्हणजे पाणी असलेल्या बाटलीत जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून घालतात. आधी ते त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका प्रिझर्व्हेटिव्हबरोबर जोडीने वापरायचे, मग २००५ मध्ये युरोपात ते एकट्याने वापरायला परवानगी मिळाली, ०.०१ टक्क्यापर्यंत, आणि त्यानंतर ॲलर्जीच्या केसेस इतक्या वाढल्या की २०१३ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने याला "ॲलर्जन ऑफ द इयर" ठरवलं. युरोपने २०१७ पासून अंगावर ठेवायच्या उत्पादनांत ते बंदच केलं आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांत २०१८ पासून मर्यादा ०.००१५ टक्क्यावर आणली. बाकी ठिकाणी नियम वेगवेगळे. भिंतींच्या रंगातही हे असतं आणि ताज्या रंगवलेल्या खोलीत नुसतं बसून काही जणांचा चेहरा सुजतो, हे कळल्यावर मला एका नव्या रंगवलेल्या खोलीत काढलेले दोन वाईट दिवस आठवले, पण ते असो.

तर तेव्हापासून मी याद्या वाचते. सुरुवातीला फक्त ते एक नाव शोधायला, मग हळूहळू बाकीचीही नावं ओळखीची व्हायला लागली, आणि आता कुणी दोन बाटल्या पुढे ठेवून "यातली कुठली घेऊ" विचारलं की मला खरंच आनंद होतो. केमिस्ट्रीचं शिक्षण लागत नाही याला. क्रम कळला की निम्मं काम झालं.

क्रम असा, की ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. बहुतेक सगळीकडे हाच नियम आहे आणि नावंही एका ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहितात, म्हणून पाण्याला ॲक्वा आणि सुगंधाला पार्फम असं लिहिलेलं दिसतं, झाडांची नावं लॅटिनमध्ये येतात, खोबरेल तेल कोकोस न्यूसिफेरा ऑइल म्हणून दिसतं. पण या नियमाला एक सूट आहे आणि खरी मेख तिथेच आहे. १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक कंपनीला हव्या त्या क्रमाने लिहिता येतात. म्हणजे ०.९ टक्के असलेली गोष्ट आणि ०.००१ टक्का असलेली गोष्ट, यातलं आधी कुठलं लिहायचं ते कंपनीने ठरवायचं. साहजिकच ऐकायला छान वाटणारी नावं पुढे येतात, गुलाबाचा अर्क, मोत्याची पूड, कुठलंसं दुर्मिळ फूल, आणि ज्याचं नाव लांब नि घाबरवणारं ते मागे.

मग ही १ टक्क्याची रेघ कुठे आहे हे कसं ओळखायचं, कारण यादीत आकडे तर नसतात. मी फेनॉक्सिइथेनॉल शोधते. हे खूप ठिकाणी वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह आहे आणि युरोपात, जपानमध्ये त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे यादीत ते जिथे दिसेल त्याच्या पुढचं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी. रेघ कधीकधी त्याच्याही आधी असते, पण त्याच्या नंतर नाही. ते नसेल तर झँथन गम, कार्बोमर, डायसोडियम इडीटीए बघते, ही दाटपणा आणायची किंवा टिकवायची कामं करणारी मंडळी साधारण एक टक्क्याच्या आतच असतात. ही एक युक्ती मला कळली त्या दिवसापासून माझा दुकानातल्या शेल्फकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला, कारण पुढच्या बाजूला ज्याचा फोटो असतो ते फळ किंवा फूल बऱ्याचदा रेघेच्या पलीकडे शेवटच्या ओळीत निवांत बसलेलं असतं.

मात्र रेघेच्या पलीकडचं म्हणजे फालतू असा अर्थ काढू नका, ही चूक मी पहिल्या वर्षी केली. रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचं एक रूप, ०.१ ते ०.३ टक्क्यात पण काम करतं. सिरामाइड (आपल्या त्वचेच्या वरच्या थरातच असणारा स्निग्ध पदार्थ), पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) थोडीच लागतात. हायलुरॉनिक ॲसिड जेमतेम एक टक्का घातलं तरी पाण्याचं जेल होतं. आणि माझ्या पापण्या ज्याने सोलल्या ते यादीत शेवटून दुसरं होतं! म्हणजे प्रश्न नेहमी दोन भागांत विचारायचा, हे किती आहे, आणि याला काम करायला किती लागतं.

आता खरं तुलनेचं सांगते. मध्यंतरी मी दोन मॉइश्चरायझरच्या याद्या मोबाइलच्या नोट्समध्ये शेजारी शेजारी टाइप करून बघितल्या. दोन्हींच्या डब्यांवर पुढे "सिरामाइड" लिहिलेलं, दोन्ही कोरड्या त्वचेसाठी. पहिल्याची यादी अशी सुरू होत होती, पाणी, ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, सेटिअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, नायसिनामाइड, मग कोलेस्टेरॉल, सिरामाइड एनपी, फेनॉक्सिइथेनॉल, झँथन गम, संपलं. दुसऱ्याची, पाणी, अल्कोहोल डिनॅट, कॅप्रिलिक कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, ग्लिसरीन, पार्फम, फेनॉक्सिइथेनॉल आणि त्यानंतर चौदा अर्क, मग लिनालूल, लिमोनीन, आणि सगळ्यात शेवटी सिरामाइड एनपी.

हे नीट बघा. पहिल्यात ग्लिसरीन दुसऱ्या नंबरवर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा घटक भरपूर. पेट्रोलॅटम म्हणजे साधी पेट्रोलियम जेली, जिचं पेटंट रॉबर्ट चेसब्रोने १८७२ मध्ये घेतलं, आणि दीडशे वर्षांनंतरही त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. सेटिअरिल अल्कोहोलला बघून दचकू नका, ते नावाला अल्कोहोल, प्रत्यक्षात मेणासारखं पांढरं, गुळगुळीत, क्रीमला क्रीमपणा देणारं आणि त्वचा मऊ ठेवणारं. सेटिल, स्टिअरिल, बेहेनिल ही त्याच घराण्यातली. आणि सिरामाइडच्या जोडीला कोलेस्टेरॉल आहे, जे आपल्या त्वचेच्या वरच्या थरात सिरामाइडबरोबर मुळातच असतं. दुसऱ्यात जे दुसऱ्या नंबरवर आहे ते अल्कोहोल डिनॅट मात्र खरं उडणारं अल्कोहोल. त्याने क्रीम हलकं लागतं, पटकन वाळतं, चिकटत नाही, म्हणून दुकानात मनगटावर लावून बघितलं तर दुसरंच जास्त आवडेल, मलाही आवडलं होतं. तेलकट त्वचेच्या माणसाला किंवा सनस्क्रीनमध्ये ते चालूनही जातं. पण कोरड्या, सोललेल्या त्वचेसाठी म्हणून विकायच्या क्रीममध्ये ते दुसऱ्या नंबरवर? आणि ज्या सिरामाइडचं नाव डब्यावर ते शेवटचं, तर सुगंध फेनॉक्सिइथेनॉलच्याही आधी. दोघांच्या पुढच्या बाजूला शब्द तेच. मागची बाजू वाचली तर ही दोन पूर्णपणे वेगळी क्रीम आहेत.

सुगंधाबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते पापण्यांमुळे झालंय हे मान्य करते. यादीत तो एक शब्द असतो, पार्फम किंवा फ्रॅग्रन्स, पण त्या एका शब्दाच्या आत डझनावारी पदार्थ असू शकतात आणि ते उघड करायची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. युरोपात त्यातले २६ ॲलर्जी करू शकणारे पदार्थ ठराविक प्रमाणाच्या वर असले की नावानिशी लिहावे लागायचे, लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल वगैरे, आणि २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या वर नेली. त्यासाठी प्रमाण किती ठेवलंय बघा, अंगावर ठेवायच्या उत्पादनात ०.००१ टक्का आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१. म्हणजे दहापट फरक. हा दहापटीचा फरक मला फार शिकवून गेला, कारण तोच घटक दोन मिनिटांनी पाण्याबरोबर निघून जाणार की दिवसभर त्वचेवर बसणार यावर सगळं अवलंबून असतं, आणि आपण मात्र घटकाचं नाव ऐकून एकदम चांगलं किंवा वाईट ठरवून टाकतो. आणि नैसर्गिक तेलांचा सुगंध म्हणजे सुरक्षित हाही गैरसमजच, लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल असतं, लिंबाच्या तेलात लिमोनीन, आणि ही हवा लागून जुनी झाली की ॲलर्जी करायची शक्यता उलट वाढते. अजून एक, "अनसेंटेड" आणि "फ्रॅग्रन्स फ्री" एकच नाही. अनसेंटेड म्हणजे वास येत नाही एवढंच, तो वास दाबायला आत दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. मी दोन वेळा फसलेय यात.

केसांचं गणित थोडं वेगळं. त्वचा जिवंत आहे, केसाचा बाहेर दिसणारा भाग नाही. तो केराटिनचा धागा आहे, स्वतःहून दुरुस्त होत नाही, म्हणून केसांच्या उत्पादनात बघायचं ते एवढंच, की हे काय काढून टाकतं आणि वर काय ठेवून जातं.

माझ्या बहिणीचे केस कुरळे, त्यात रंगवलेले. ती कित्येक महिने "सल्फेट फ्री" शाम्पू, म्हणजे सल्फेट नावाचे फेस आणणारे धुणारे घटक नसलेला, वापरत होती आणि तरी केस राठ, झाडूसारखे. एकदा फोनवर अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, मी सगळं नीट करतेय गं, तरी असं का होतंय?" मी म्हटलं बाटलीच्या मागचा फोटो पाठव. दुसऱ्या नंबरवर होतं सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट. सल्फेट नाही, सल्फोनेट, म्हणून पुढचा दावा खरा, पण धुण्याच्या बाबतीत हे चांगलंच कडक, तेल पार ओरबाडून काढणारं. आणि त्याच्यासोबत सौम्य करणारं काही यादीत नव्हतं. उलट साधा सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला शाम्पू, ज्यात पुढच्याच नंबरवर कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य करणारा घटक आहे आणि त्यापुढे पॉलिक्वाटर्नियम-१० किंवा ग्वारपासून केलेला कंडिशनिंगचा घटक आहे, तो केसांना जास्त सौम्य वाटू शकतो. लॉरिल आणि लॉरेथ यातही फरक आहे, लॉरिल जास्त बोचरं, इतकं की प्रयोगशाळेत मुद्दाम त्वचेला त्रास देऊन बघायचा असतो तेव्हा ठरलेला पदार्थ म्हणून तेच लावतात. लॉरेथ त्याच्यापेक्षा मवाळ. खरंच मवाळ हवं असेल तर सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डिसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही नावं वरच्या नंबरांवर शोधा. अर्थात बीटेनचीही काहींना ॲलर्जी असते, २००४ चा तो ॲलर्जन ऑफ द इयरचा मान त्याच्याकडे होता, त्यामुळे सगळ्यांना चालेल असं एकही नाव मी देऊ शकत नाही.

गंमत म्हणजे याच बहिणीने एक चांगला कंडिशनर दुकानात परत ठेवला होता कारण यादीत तिला "सल्फेट" दिसलं. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट. हा धुणारा घटक नाहीच! हा केसाला चिकटून गुंता सोडवणारा, केस मऊ करणारा कंडिशनरचा मुख्य घटक आहे, कुरळ्या केसांसाठी तर फारच छान. खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो आणि अशा घटकांवर धन भार, म्हणून ते जिथे केस जास्त खराब तिथेच जास्त चिकटतात. तिला सांगितल्यावर ती दुसऱ्या दिवशी जाऊन तो घेऊन आली आणि शाम्पूही बदलला, आणि महिन्याभराने पाठवलेल्या फोटोत तिच्या बटा सुट्या सुट्या दिसत होत्या. मला त्या फोटोचा किती आनंद झाला ते तिलाही माहीत नाही.

सिलिकोनवर लोक उगाच तुटून पडतात असं माझं मत. त्यातलंच डायमेथिकोन केसावर पातळ थर देतं, घर्षण कमी होतं, विंचरताना केस तुटत नाहीत. केस फार पातळ असतील तर जड वाटतं, मग अमोडायमेथिकोन बघा जे मुख्यतः खराब भागावर बसतं, किंवा नावात पुढे पीईजी लागलेलं, ते पाण्याने सहज निघतं. सायक्लोपेंटासिलोक्सेन तर उडूनच जातं, युरोपने २०२० पासून धुऊन टाकायच्या उत्पादनांत त्याला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली ती पर्यावरणासाठी, पाण्यात ते लवकर नष्ट होत नाही म्हणून, केसांना वाईट म्हणून नाही. कारण वेगळं असलं की निर्णयही वेगळा होतो ना. तेलांमध्ये खोबरेल तेलाबद्दल मात्र चांगला पुरावा आहे, २००३ च्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली तेव्हा धुताना केसातून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी केलं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं. बायोटिनवाले शाम्पू मी घेत नाही. डोक्यावर दोन मिनिटं लावून धुतलेल्या बायोटिनने केस वाढतात याला मला पटेल असा पुरावा कुठे मिळाला नाही. कोंड्याचा शाम्पू असेल तर मात्र मागे औषधी घटक कुठला हे बघायलाच हवं, केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड, पिरोक्टोन ओलामाइन, झिंक पायरिथिऑन (हे शेवटचं युरोपात २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद आहे), यांपैकी काहीच नसेल तर नुसत्या "अँटी डँड्रफ" शब्दाला मी तरी पैसे देणार नाही.

पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण माझ्या त्रासाचा तिच्याशी संबंध आहे. २००४ मध्ये एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडली. ती गाठीला कारण होती असं त्या अभ्यासाने सिद्ध केलं नव्हतं, निरोगी ऊतींशी तुलनाही नव्हती, पण भीती पसरली आणि "पॅराबेन फ्री" हा शिक्का सगळीकडे आला. आता पाणी असलेल्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह तर हवंच, नाहीतर बुरशी येते आणि ती डोळ्यात गेली तर खरंच धोका. मग एक काढलं की दुसरं घालावं लागतं, आणि त्या दुसऱ्यांपैकी एक म्हणजे माझं ते मिथाइलआयसोथायाझोलिनोन. युरोपने २०१४ मध्ये ज्या पाच पॅराबेनवर बंदी घातली ती पुरेशी माहिती नव्हती म्हणून, मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मात्र ०.४ टक्क्यापर्यंत चालू आहेत, आणि ज्या सोसायटीने २०१३ मध्ये माझ्या शत्रूला ॲलर्जन ऑफ द इयर केलं तिनेच २०१९ मध्ये पॅराबेनला "नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर" म्हटलं, म्हणजे ॲलर्जीच्या दृष्टीने सगळ्यात निरुपद्रवी प्रिझर्व्हेटिव्हपैकी एक. आज माझ्या पापण्यांना जे क्रीम चालतं त्यात मिथाइलपॅराबेन आहे. "फ्री" शब्द दिसला की मी आता लगेच विचारते, बरं, मग त्याच्या जागी काय घातलंत?

सीरमच्या बाटल्यांवर हल्ली टक्के लिहितात, ते चांगलंच, पण टक्के तुलना करताना रूप तेच आहे का बघा. व्हिटॅमिन सी म्हणजे शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड असेल तर ते त्वचेत जायला पीएच (आम्लपणाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ३.५ च्या खाली लागतो आणि २० टक्क्यांच्या वर गेलं तर फायदा वाढत नाही, हे २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर करून बघितलेलं आहे. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड ही त्याची सौम्य, टिकाऊ पण वेगळी रूपं, त्यांचे १० टक्के आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडचे १० टक्के एकाच मापाने मोजता येत नाहीत. पारदर्शक बाटलीत, ड्रॉपरने रोज हवा लागणारं शुद्ध व्हिटॅमिन सी असेल तर महिन्या-दोन महिन्यांत पिवळं-तपकिरी होतं, आणि हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून पॅकिंगही बघा. रेटिनॉलचं तसंच, रेटिनिल पामिटेट हे त्याच कुटुंबातलं पण बरंच दुबळं, तर रेटिनाल्डिहाइड जास्त तेज (आणि गरोदरपणात ही सगळीच टाळायची). नायसिनामाइडचे, म्हणजे व्हिटॅमिन बी३ च्या एका रूपाचे, बहुतेक अभ्यास २ ते ५ टक्क्यांवर झालेत, त्यामुळे १० टक्के लिहिलेली बाटली दुप्पट चांगली असं नाही, माझा तर चेहरा १० टक्क्यांनी तापायचा आणि ४ टक्क्यांनी अगदी शांत. युरिया कमी प्रमाणात ओलावा धरतं, ४० टक्क्यांना जाड कातडी सोलतं, घटक तोच.

ॲप्सबद्दल बऱ्याच जणी विचारतात, बारकोड स्कॅन केला की लाल-हिरवा मार्क देणारी. यादी वाचायला सोपी करून देतात म्हणून मी पण वापरते, पण मार्क बघत नाही, कारण ॲपला प्रमाण माहीत नसतं, तुमची त्वचा माहीत नसते, धुऊन टाकणार की ठेवणार हेही बऱ्याचदा धरलेलं नसतं. कॉमेडोजेनिक, म्हणजे घटक त्वचेची छिद्रं किती बुजवतो ते सांगणाऱ्या, आकड्यांचं पण असंच, हा घटक ४, हा ५, म्हणून पुटकुळ्या येणारच असं लोक सांगतात, पण या आकड्यांचं मूळ १९७० च्या दशकात सशांच्या कानात एकेक पदार्थ लावून केलेल्या चाचण्यांमध्ये आहे. सशाचा कान आपल्या चेहऱ्यापेक्षा खूप लवकर भरतो, आणि क्रीममध्ये २ टक्के असलेली गोष्ट निव्वळ लावल्यासारखी वागत नाही. यादी वाचून अंदाज बांधता येतो, निकाल त्वचाच देते.

म्हणून मी नवीन काहीही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला, छोट्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, निदान एक आठवडा लावते. एका वेळी एकच नवीन गोष्ट. हे फक्त ठेवायच्या गोष्टींचं हं, शाम्पू किंवा फेसवॉश असं लावून ठेवायचं नाही, ते तसंही जळजळेल. केसांचा रंग असेल तर ४८ तास आधी चाचणी प्रत्येक वेळी, मागच्या वेळी काही झालं नव्हतं तरी, कारण त्यातल्या पीपीडी या रंग देणाऱ्या रसायनाची ॲलर्जी कितव्याही वेळेला सुरू होऊ शकते आणि ती साधी नसते, चेहरा सुजून डोळे मिटतात. यात कृपया घाई करू नका.

मी नोट्समध्ये दोन याद्या ठेवल्यात. एकात जे चाललं त्यांचे फोटो, मागच्या बाजूचे, तारखेसकट, आणि दुसऱ्यात जे नाही चाललं त्यांचे. दुसऱ्या यादीत पाच-सहा उत्पादनं जमली की सगळ्यांत सामाईक असलेलं नाव शोधायचं. मला असंच कळलं की प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त असलं की माझ्या गालांची आग होते, हे कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात माझं नेहमीचं लोशन संपत आलं, तेच ज्याच्यावर माझ्या पापण्या तीन वर्षं शांत आहेत. नवीन बाटली आणली, तोच रंग, तेच झाकण, पुढे एक छोटा "नवीन, अजून मुलायम" असा गोल वाढलेला. सवयीने उलटी केली. जुना फोटो काढून ओळ ओळ जुळवली. पहिल्या सहा ओळी तशाच होत्या, सातव्या ओळीत मिथाइलपॅराबेन गेलं होतं आणि तिथे बेन्झाइल अल्कोहोल आलं होतं, आणि शेवटी, जिथे आधी काहीच नव्हतं तिथे, पार्फम. बाटली न उघडता बाजूला ठेवलीय. जुन्या बाटलीच्या तळाशी अजून थोडं शिल्लक आहे, तेवढ्यात दुसरं शोधतेय, सध्या कोपराच्या आत एक क्रीम चौथ्या दिवसावर आहे आणि अजून तरी काही उठलेलं नाही.